सवलती संपल्या, हिशोब राहिला

प्रति,
आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजेच आयकाओची परिषद, माँट्रियल,
आणि सर्व १९३ सदस्य देशांचे नागरी विमान वाहतूक नियामक

विषय : महामारीत हवाई मालवाहतुकीला दिलेल्या सुरक्षा-सवलतींचा जाहीर हिशोब आणि पुढच्या वेळची तयारी

महोदय, महोदया,

मी लोड कंट्रोलमध्ये काम करते. विमानात कोणता माल कुठे बसेल, कशाशेजारी बसेल, पुढे-मागे वजनाचा तोल कसा राहील हे ठरवायचे, लोडशीट तयार करायची, सही करायची आणि ती कॅप्टनकडे द्यायची. कॅप्टन त्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. पण विमानाच्या पोटात उतरून प्रत्येक खोके तो मोजू शकत नाही. एकाने मोजलेले दुसऱ्याने मानायचे, यावरच आमचा धंदा चालतो. त्यामुळे आकडा जुळला नाही की आम्हाला चैन पडत नाही. कोविडच्या काळातला एक मोठा हिशोब अजून जुळलेला नाही, आणि त्याची कागदपत्रे आपल्या दप्तरांत आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघडपणे.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. पुढच्या काही आठवड्यांत विमाने उभी करायला जागा पुरेना. एप्रिलमधली प्रवासी वाहतूक आदल्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे ९४ टक्क्यांनी घटल्याचे आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे आकडे सांगतात. बाहेरच्यांना यात पर्यटन बुडालेले दिसले. आम्हाला दिसले ते निराळेच. जगातला जवळपास निम्मा हवाई माल मालवाहू विमानांतून जातच नव्हता. तो प्रवाशांच्या पायाखालून, त्यांच्या बॅगांच्या शेजारून जात होता. प्रवासी थांबले आणि ही सगळी जागा एका झटक्यात गेली. नेमके त्याच वेळी मास्क, गाऊन, हातमोजे, चाचणी संच, व्हेंटिलेटर, सगळ्यांना सगळे एकदमच हवे झाले. २०२० च्या अख्ख्या वर्षात मालाची मागणी १०.६ टक्क्यांनी घटली, पण माल न्यायची क्षमता २३.३ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधल्या फटीत आम्ही ते वर्ष काढले.

तोडगा सर्वांना ठाऊक आहे. प्रवासी विमानांत वरच्या मजल्यावर, म्हणजे माणसे बसायची तिथे, माल भरायचा. कुठे खुर्च्यांवर, कुठे खुर्च्या काढून थेट जमिनीवर. अशा विमानांना आमच्यात ‘प्रेटर’ म्हणू लागले. प्रमाणपत्राच्या दृष्टीने प्रवासी कक्ष हा मालकक्ष नव्हेच, त्यामुळे आपण सवलती दिल्या. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाने दिल्या, युरोपच्या ईएएसए या नियामकाने मार्गदर्शिका काढून दिल्या, बाकीच्यांनी आपापल्या परीने. ईएएसएने ३१ जुलै २०२२ ला ही सोय बंद केली. इतरांनीही हळूहळू गुंडाळली.

आधीच स्पष्ट करते, त्या सवलती द्यायला नको होत्या असे माझे म्हणणे नाही. द्यायलाच हव्या होत्या. अतिदक्षता विभागात गाऊन पोचत नसताना नियमावली कवटाळून बसणारा नियामक मला नको आहे. माझी तक्रार वेगळी आहे. सवलत दिली म्हणून धोका नाहीसा होत नाही. तो यंत्रणेच्या अंगावरून उतरून कोणा ना कोणाच्या अंगावर जाऊन बसतो. तो कोणाच्या अंगावर बसला, किती बसला आणि पुढच्या वेळी कोणाच्या अंगावर बसवायचा, याचा हिशोब कोणीच मांडला नाही.

आगीपासून सुरुवात करते, कारण हवेत आगीइतके दुसरे कशाचे भय नाही. प्रवासी विमानाच्या पोटातला कक्ष बहुधा ‘सी’ वर्गाचा असतो. धूर शोधणारी यंत्रणा, आग कोंडून ठेवणारे अस्तर, आणि कॉकपिटमधून बटण दाबताच सुटणारा हॅलॉन हा आग विझवणारा वायू. मालवाहू विमानाचा वरचा मजला ‘ई’ वर्गाचा. तिथे धूर कळतो, हवेचा पुरवठा तोडता येतो, केबिनमधला दाब कमी करून आगीला प्राणवायू मिळू द्यायचा नाही असे करता येते. दोन्ही रचनांमध्ये गृहीत एकच आहे : आगीपाशी माणसाने जायचे नाही. प्रवासी कक्षात यातले काहीही नाही. तिथे धूर शोधायची यंत्रणा म्हणजे माणसाचे नाक आणि डोळे, आणि इतकी वर्षे ती पुरली कारण तीनशे माणसे जागोजागी बसलेली असत. प्रेटरमध्ये ती तीनशे नाके नव्हती. दोन-चार माणसे होती. हातात अग्निशामक नळकांडे, डोक्यावर धुराची टोपी, जी साधारण पंधरा मिनिटे श्वास देते, आणि ठरावीक वेळाने खोक्यांच्या रांगांमधून एक फेरी. हॅलॉनच्या टाकीची जागा एका माणसाने घेतली. सवलतीच्या भाषेत याला ‘पर्यायी उपाययोजना’ म्हणतात.

हा पर्याय नवा नव्हता, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. २८ नोव्हेंबर १९८७ ला साउथ आफ्रिकन एअरवेजचे ‘हेल्डरबर्ग’ नावाचे बोइंग ७४७ मॉरिशसजवळ हिंदी महासागरात कोसळले. ते कॉम्बी विमान होते. एकाच मजल्यावर पुढे प्रवासी आणि मागे माल. मागच्या मालाने पेट घेतला. त्या वेळच्या नियमानुसार अशा कक्षात आग लागली तर कर्मचाऱ्याने हातात अग्निशामक घेऊन आत जायचे आणि ती विझवायची. समुद्रतळातून काढलेल्या अवशेषांत असे एक अग्निशामक नळकांडे सापडले, त्यावर वितळलेला धातू चिकटलेला होता. १५९ माणसे गेली. त्यानंतर कॉम्बी विमानांचे नियम बदलले, कारण पॅलेटभर, म्हणजे एका मोठ्या पाटावर रचून बांधलेल्या, मालाच्या आगीपुढे हातातले नळकांडे टिकत नाही हे सगळ्यांनी मान्य केले. मग तेहतीस वर्षांनी आपण सगळे, मीसुद्धा, पुन्हा त्याच नळकांड्यापाशी येऊन थांबलो. नाइलाज होता, हे मान्य. पण आपल्या मार्गदर्शिकांत हा इतिहास कुठेतरी एका ओळीत यायला हवा होता. फेरी मारणाऱ्या त्या केबिन क्रूला आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे, हे कळण्याचा हक्क होता.

वेळेचा मुद्दाही यातच येतो. १९९८ मध्ये आग लागून कॅनडाजवळ समुद्रात कोसळलेल्या स्विसएअर १११ या प्रवासी विमानाच्या अपघातानंतर कॅनडाच्या तपास मंडळाने जुन्या आगी तपासल्या. पहिल्या खुणेपासून विमान हातचे जाईपर्यंत पाच ते पस्तीस मिनिटे, असे त्यात दिसले. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ ला इशारा मिळाल्यापासून जेमतेम अर्धा तास मिळाला. २८ जुलै २०११ ला एशियाना ९९१ ला त्याहूनही कमी. दोन्ही मालवाहू विमाने होती, दोन्हींत आग शोधणारी यंत्रणा होती, आणि दोन्हींत लिथियम बॅटऱ्या होत्या. प्रेटर कुठून कुठे जात होते? मास्क जिथे बनतात तिथून जिथे हवेत तिथे, म्हणजे बऱ्याचदा महासागर ओलांडून. जवळचा विमानतळ तासा-दोन तासांवर असताना पंधरा मिनिटांच्या टोपीचे गणित कसे बसवायचे, हे मी कोणत्याच सवलतपत्रात वाचले नाही. एखाद्या देशाने लिहिले असेल तर ते सर्वांसाठी खुले करा, एवढीच मागणी.

आता माल भरण्याबद्दल, कारण ते माझे अंगण आहे.

मालवाहू विमानात पॅलेट रोलरवरून सरकत आत जाते, कुलपे बसतात, काम संपते. प्रेटरचे तसे नव्हते. दाराला हायलिफ्ट, म्हणजे माल दारापर्यंत उचलणारी गाडी, लावायची, मग दारापासून शेवटच्या ओळीपर्यंत माणसांची साखळी, आणि एकेक खोके हातोहात आत. पीपीई सूट घातलेला, चष्म्यावर वाफ साचलेली, शेजारच्याचा आवाज मास्कमधून धड ऐकू येत नाही. आधी खुर्चीवर, मग खुर्चीखाली, मग वरच्या कप्प्यात. पहिल्या पन्नास खोक्यांना कोपरे सरळ लागतात, नेट घट्ट बसते. पाचशेव्या खोक्याला तसे होत नाही. खोके दबते, नेट सैल पडते, मधली वाट बोटभर अरुंद होते. ती वाट राखणे हा नियम होता, कारण फेरी मारणाऱ्याला तिथून जायचे असते. शेवटची ओळ भरली की उलट चालत येऊन कोणीतरी प्रत्येक बांधणी पाहायची. हे पाहणारा माणूस तोपर्यंत कित्येक तास उभा असतो.

माझ्या बाजूने अडचण वजनाची होती. प्रवाशांचे वजन आम्ही ठरावीक सरासरीने धरतो. माणसे बरीच असली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. खोक्यांचे तसे नसते. एकाच पुरवठादाराची खोकी सगळी एकाच दिशेने चुकतात, सगळी लिहिल्यापेक्षा जड किंवा सगळी हलकी. त्यातून ओळीगणिक वजन हवे. मास्क हलके असल्यामुळे जागा आधी संपायची आणि वजन नंतर, त्यामुळे पुष्कळदा निभावले. पण कागदावर ‘मिश्र वैद्यकीय साहित्य’ एवढेच लिहिलेले असले की आत मास्क आहेत, हातमोजे आहेत की आणखी काही, हे ओळ २४ साठी मला अंदाजाने भरावे लागे. अंदाजावर लोडशीट काढू नये, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. बांधणी सुटली तर काय होते, हे २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानातल्या बाग्रामहून उडालेल्या नॅशनल एअरलाइन्सच्या ७४७ ने दाखवले आहे. जड वाहने जागेवरून सुटली, मागे गेली, सात जण गेले. खोक्यांची तुलना चिलखती वाहनांशी करत नाही. पण माल ठेवणे आणि माल बांधणे यातला फरक थकलेल्या माणसाच्या हातून पुसला जातो, हे मी जवळून पाहिले आहे.

‘मिश्र वैद्यकीय साहित्य’ या तीन शब्दांबद्दल आणखी थोडे. हातावर चोळायचे सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी अल्कोहोल, ज्वलनशील द्रव. व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये लिथियम बॅटऱ्या असू शकतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून न्यायला आयकाओने १ एप्रिल २०१६ पासून बंदी घातली आहे. उपकरणासोबतच्या बॅटऱ्यांना अटी आहेत. महामारीत मात्र असे पुरवठादार आले ज्यांनी आयुष्यात कधी विमानाने माल पाठवला नव्हता. काल कपडे विकत होते, आज सॅनिटायझर. लबाडीपेक्षा अज्ञानच जास्त होते, आणि अज्ञानाला धोकादायक मालाचे लेबल लावता येत नाही. मे १९९६ मध्ये व्हॅल्युजेट ५९२ या अमेरिकी प्रवासी विमानाच्या पोटात गेलेले ऑक्सिजन जनरेटरही कागदावर ‘रिकामे’ होते. ११० माणसे गेल्यावर नियम बदलले, हवाबंद ‘डी’ वर्गाचे कक्ष मोडीत निघाले.

२२ जुलै २०२० ला शांघायच्या पुडाँग विमानतळावर माल भरताना एका बोइंग ७७७ मालवाहू विमानाने पेट घेतला आणि त्याचे छप्पर जळून गेले. ते जमिनीवर होते, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये हाँगकाँग विमानतळावर विमानात चढवण्याआधीच मोबाइल फोनच्या पॅलेटांनी पेट घेतला. या दोन्ही घटना प्रवासी कक्षातल्या मालाच्या नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या काळात मालाच्या साखळीवर केवढा ताण होता, हे त्यांतून दिसते.

यावर आपल्यापैकी काही जण म्हणतील, आणि बैठकांत म्हटलेही गेले : अहो, पण प्रवासी कक्षातला माल पेटून एकही विमान कोसळले नाही. खरे आहे. मलाही त्याचा आनंद आहे. पण अपघात झाला नाही एवढ्यावर व्यवस्था सुरक्षित होती असे ठरवायचे असेल, तर हेल्डरबर्ग कोसळण्याच्या आदल्या दिवशी कॉम्बी विमानेही सुरक्षितच होती. किती फेऱ्या झाल्या, त्यांतल्या कितींत धुराचा वास आला, कितींत नेट सुटले, कितींत न सांगितलेला धोकादायक माल उतरवताना हाती लागला, हे आकडे समोर असतील तर बोलता येईल. नाहीतर निभावले हे आपल्या हुशारीने की नशिबाने, हे ठरणार कसे?

लशींच्या वेळी आपण हीच गोष्ट अधिक नीट केली, तेही सांगायला हवे. सप्टेंबर २०२० मध्ये आयाटाने अंदाज दिला होता की ७.८ अब्ज माणसांना एकेक मात्रा पोचवायची तर ८,००० जंबो विमानांएवढा माल होईल. फायझर-बायोएनटेकच्या लशीला उणे ७० अंशांच्या आसपास तापमान लागे, आणि त्यासाठी कोरडा बर्फ. हा बर्फ वितळत नाही, थेट वायू होतो. एका किलोतून पाचशे लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड. माणसांच्या कक्षात हा वायू अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा प्रमाणपत्राचा नियम आहे. म्हणजे विमानात किती लशी बसतील हे जागेवर किंवा वजनावर नव्हे, तर हवा खेळवणारी यंत्रणा मिनिटाला किती हवा बदलते यावर ठरले. इथे नियामकांनी खरोखर काम केले. विमानाच्या प्रकाराप्रमाणे गणित मागवले, पायलटांना इशारे दिले, आणि मगच मर्यादा वाढवली. एफएएने एका कंपनीला नेहमीच्या पाचपट कोरडा बर्फ न्यायची परवानगी दिली ती असा अभ्यास पुढे आल्यावर. सवलत अशी द्यायची असते : आधी मोजायचे, मग वाढवायचे.

तिथेही एक माणूस विसरला गेलाच. उडताना हवा खेळती असते. विमान उतरून यंत्रणा बंद झाली की नसते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. पोटातल्या कक्षाचे दार उघडून सर्वांत आधी आत वाकणारा लोडर त्या थरातच डोके घालतो. त्याच्या छातीवर वायूमापक होता का? काही ठिकाणी होता. बऱ्याच ठिकाणी ‘दार उघडून थोडा वेळ थांबा’ एवढी तोंडी सूचना होती. ‘थोडा वेळ’ म्हणजे किती, हे विमानाला उशीर झाला आहे की नाही यावर ठरायचे.

आता माणसांच्या झोपेबद्दल. पायलट मी नाही, पण माझ्या हातून लोडशीट घेणारे चेहरे मी पाहिले आहेत.

मालवाहू पायलटांच्या विश्रांतीचा नियम आधीपासूनच लंगडा आहे. २००९ मधल्या कोलगन ३४०७ या प्रवासी विमानाच्या अपघातानंतर अमेरिकेने थकव्याचे नवे नियम केले, ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले, आणि त्यांतून मालवाहू कंपन्यांना वगळले. रात्रभर उडणे हेच ज्यांचे काम, त्यांनाच! त्याआधी काही महिने, १४ ऑगस्ट २०१३ ला, यूपीएस १३५४ हे मालवाहू विमान अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला धावपट्टीआधीच जमिनीवर आदळले होते. दोघेही पायलट गेले, आणि तपासात कारणांच्या यादीत थकवा होता. त्यांची ड्युटी नियमात बसत होती. कागदावर बसणे वेगळे आणि डोळा लागणे वेगळे, हे तेव्हाच कळायला हवे होते.

या पायावर महामारी आली. देशादेशांनी क्रूसाठी वेगवेगळे नियम केले, आणि ते आठवड्या-आठवड्याला बदलले. हाँगकाँगने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे राहणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांना परतल्यावर १४ दिवस हॉटेलात विलगीकरण आणि वर ७ दिवस वैद्यकीय देखरेख लावली. त्यातून ‘बंद फेरा’ निघाला : आठवडेच्या आठवडे उड्डाण, हॉटेलची खोली, पुन्हा उड्डाण, आणि घर सगळ्यात शेवटी. त्याच वर्षाच्या अखेरीस नियम आणखी आवळले गेले तेव्हा तिथल्या मोठ्या विमान कंपनीने लांब पल्ल्याच्या मालवाहू फेऱ्या आठवडाभर बंदच ठेवल्या. आरोग्य खात्याचे गणित आरोग्य खात्यापुरते बरोबर असेलही. पण खिडकी न उघडणाऱ्या खोलीत दिवस-रात्रीचा पत्ता नसलेला माणूस त्यानंतर रात्री तीन वाजता अडीचशे-तीनशे टनांचे विमान उतरवणार आहे, हे त्या खात्याला सांगायचे काम कोणाचे होते? आपले.

एक बारीक गोष्ट सांगते, कारण अशाच गोष्टींत सुरक्षितता गळते. विश्रांतीचे तास ड्युटी संपल्यापासून मोजले जातात. महामारीत विमान उतरल्यावर क्रू आधी चाचणीच्या रांगेत उभा राहायचा, मग निकालाची वाट पाहायचा, मग ठरवून दिलेल्या बसची. घड्याळ तोवर विश्रांती मोजत असे. ज्यांना बाहेर पडायला बंदी होती त्यांना जेवण दाराबाहेर ठेवले जाई. ते आपण झोपलो असताना आले की थंड, जागे असताना आले तर नशीब. या सगळ्याला आमच्या तक्त्यांत ‘किमान विश्रांती पूर्ण’ अशी हिरवी खूण केलेली चौकट असे. काही ठिकाणी याउलट लेओव्हरच, म्हणजे बाहेरगावचा मुक्कामच, नको म्हणून दुप्पट क्रू घेऊन जा आणि लगेच परत या, असा मार्ग काढला. प्रवासी विमानाच्या खुर्चीत, मालाच्या शेजारी, झोप म्हणून घेतलेले ते चार तास आपल्या नियमांच्या कोणत्या परिशिष्टात झोप म्हणून मोजले जातात, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आपण हात बांधून बसला होता असे मी म्हणणार नाही. २२ मे २०२० ला आयकाओने सागरी आणि कामगार संघटनांसोबत निवेदन काढून विमान कर्मचाऱ्यांना आणि हवाई मालाच्या साखळीतल्या लोकांना अत्यावश्यक कामगार मानावे असे सांगितले. जून २०२० च्या सुरुवातीला कार्ट या आयकाओच्या कृतिगटाची मार्गदर्शिका आली, ‘सार्वजनिक आरोग्य मार्गिका’ आली. शब्द चांगले होते. पण निवेदनाला दात नसतात, आणि त्यातला लोडर तर बहुतेक ठिकाणी कंत्राटी कामगार. तो ‘अत्यावश्यक’ आहे हे त्याच्या ठेकेदाराला कोणी कळवले, आणि लसीकरणाच्या यादीत तो कोणत्या पानावर होता, हा प्रश्न प्रत्येक देशाने स्वतःला विचारून पाहावा.

उभ्या विमानांचे थोडक्यात सांगते, कारण ती बाजू तुलनेने बरी हाताळली गेली. जुलै २०२० मध्ये एफएएने ७३७ विमानांच्या इंजिनातल्या गंजलेल्या व्हॉल्व्हबद्दल तातडीचा आदेश काढला. साठवणुकीतून निघालेल्या विमानांची इंजिने उड्डाणात बंद पडल्याच्या घटना त्यामागे होत्या. ईएएसएने वेगमापक नळ्यांत अडकलेल्या घाणीबद्दल आणि कीटकांबद्दल सावध केले. घटना नोंदल्या, एकत्र पाहिल्या, जाहीर केल्या, आदेश निघाला. इंजिनाच्या व्हॉल्व्हसाठी जे जमले ते खोक्यांसाठी आणि झोपेसाठी का जमू नये?

म्हणून माझे मागणे. पहिले आणि मुख्य म्हणजे हिशोब जाहीर करा. प्रत्येक देशाने प्रवासी कक्षातून माल न्यायला किती परवानग्या दिल्या, कोणत्या अटींवर, त्याखाली किती फेऱ्या झाल्या, कोणकोणत्या घटना नोंदल्या गेल्या. ड्युटीच्या मर्यादा किती कंपन्यांना किती काळ शिथिल केल्या. आयकाओने आंतरराष्ट्रीय मानकांपासून देशांनी घेतलेले या काळापुरते फरक नोंदवायची वेगळी सोय केली होती, म्हणजे नोंदींची सुरुवात आपल्याकडे आहेच. आयकाओच्या सुरक्षा व्यवस्थापनाच्या परिशिष्ट १९ मधले सुरक्षा-माहितीचे संरक्षण पुढे करू नका; ते नोंद करणाऱ्या माणसाला शिक्षेपासून वाचवण्यासाठी आहे, आकडे कुलपात ठेवण्यासाठी नाही. नावे गाळा, कंपन्या गाळा, आकडे द्या.

दुसरे, पुढच्या महामारीचे प्रकरण आत्ताच लिहा. तहान लागल्यावर विहीर खणायची हे २०२० मध्ये क्षम्य होते, आता नाही. पोटातली जागा भरल्याशिवाय वर माल जाणार नाही. वर जाईल तो ठरलेल्या यादीतलाच, आणि ‘मिश्र साहित्य’ हा शब्द त्या यादीत नसेल. वर धूर शोधणारी हलवता येण्याजोगी यंत्रणा असेल. ती आज बनवून, तपासून ठेवता येते. फेरी मारणाऱ्याच्या टोपीची मिनिटे आणि जवळच्या विमानतळाचे अंतर यांचा मेळ घातल्याशिवाय मार्ग मंजूर होणार नाही. भरणाऱ्या टोळीला पाळी बदलण्याची वेळ ठरलेली असेल. आणि सवलतीवर पहिल्या दिवसापासून संपण्याची तारीख छापलेली असेल; मुदतवाढ हवी तर मधल्या काळातला घटनांचा तक्ता जोडून मागायची.

तिसरे, विश्रांतीचे घड्याळ खोलीचे दार लागल्यावर सुरू करा. चाचणी, रांग, बस हे सगळे ड्युटीत धरा. यासाठी महामारीची वाट पाहायची गरज नाही, आणि मालवाहू पायलटांना वेगळा, हलका नियम ही पद्धत ज्या देशांत आहे तिथे ती बंद करायलाही नाही. मालाला झोप लागत नाही, पण तो उडवणाऱ्याला लागते.

कोरड्या बर्फासाठी लोडरला वायूमापक द्या, एवढे तर एका परिपत्रकात होईल.

हे पत्र आयकाओच्या येत्या महासभेपूर्वी परिषदेपुढे ठेवावे आणि हिशोबाचा विषय तिच्या कार्यसूचीवर घ्यावा, ही विनंती. सदस्य देशांकडून मागवायचा तक्ता कसा असावा याबद्दल माझे मत विचाराल तर एका पानाचा, सहा रकान्यांचा पुरे : परवानगीची तारीख, अटी, फेऱ्यांची संख्या, नोंदलेल्या घटना, त्यावर केलेली कारवाई, आणि सवलत बंद झाल्याची तारीख. शेवटचा रकाना कोणाचा रिकामा आला, तर त्या देशाला आधी पत्र पाठवा.

कळावे,

आपली नम्र,
लोड कंट्रोलमधली एक कर्मचारी